हजारोंना क्रुसावर चढवलं, मग त्यांची हाडं कुठे गेली?

गोदाकाठ

मूळची नाशिकची, गेली अकरा वर्षं केंब्रिजजवळ राहते. आमच्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर फेनस्टँटन नावाचं गाव आहे. तिथे नवी घरं बांधायच्या आधी २०१७ साली उत्खनन झालं आणि रोमन काळातली वस्ती व पाच छोटी दफनस्थळं सापडली. त्यातल्या एका सांगाड्याची हाडं नंतर प्रयोगशाळेत धुवायला घेतली, तेव्हा मातीखाली उजव्या टाचेतून आडवा आरपार गेलेला लोखंडी खिळा दिसला. लांबी ५ सेंटिमीटर. माणूस २५ ते ३५ वर्षांचा, काळ इ.स. १३० ते ३६० च्या मधला कधीतरी. २०२१ च्या डिसेंबरात हे प्रसिद्ध झालं. मी त्या हाडाचा फोटो पाहिला आणि तेव्हापासून तो डोळ्यांसमोरून हलत नाही.

वाचत गेले तसा एक प्रश्न पडला. इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर रोमन सेनापती क्रॅससने ६,००० कैद्यांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवलं. इ.स.पूर्व ४ मध्ये सीरियाचा रोमन सुभेदार वारुसने यहुदियात २,००० जणांना. इ.स. ७० च्या जेरुसलेमच्या वेढ्यात रोमन सेनापती टायटसचे सैनिक शहराबाहेर निसटणाऱ्यांना पकडून रोज ५०० आणि कधी त्याहून जास्त जणांना खिळत होते, असं रोमनांकडे गेलेल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवलंय. म्हणजे हाडं हजारोंनी मिळायला हवीत. टाचेत खिळा तसाच राहिलेली हाडं मात्र दोनच, एक जेरुसलेमचं आणि एक हे. इटलीत गावेल्लोला २००७ साली एक सांगाडा निघाला, त्याच्या टाचेला भोक आहे पण खिळा नाही.

बाकीचे कुठे गेले? आणि दुसरं, ज्या रोमनांच्या कायद्याचे धडे आजही वकिलीच्या अभ्यासात असतात त्यांनी सगळ्यात सावकाश येणारं मरण का निवडलं?

वाचनमात्र

वाचतोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

लॅटिनवेडा

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शिलालेखात आहे. नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. गावातल्या मर्तिकाचं कंत्राट ज्याला मिळेल त्याने काय काय करायचं याची ती नियमावली आहे. त्यात क्रुसाची कलमं आहेत!

कोणाला आपल्या गुलामाला किंवा गुलाम बाईला खासगीत शिक्षा करायची असेल, तर कंत्राटदाराने खांब, साखळ्या, दोर आणि फटके मारणारी माणसं पुरवायची. मालकाने आडवा ओंडका नेणाऱ्यांना, फटके मारणाऱ्यांना आणि जल्लादाला माणशी ४ सेस्टर्स (रोमन नाणी) द्यायचे. शिक्षा सरकारी असेल तर कंत्राटदाराने क्रूस उभारायचा, खिळे, डांबर, मेण आणि मेणबत्त्या द्यायच्या, आणि हे सगळं फुकट. पुढचं कलम तुमच्या प्रश्नाचं. प्रेत आकड्याने ओढून न्यायचा हुकूम असेल तर तांबडे कपडे घातलेल्या माणसांनी घंटा वाजवत ते ओढत न्यायचं, जिथे आणखी प्रेतं पडलेली असतील तिथे.

म्हणजे पुरायचंच नाही. रोमन कवी होरेस एका गुलामाला सांगतो की तू कोणाचा खून केला नाहीस ना, मग क्रुसावर कावळ्यांचं पोट भरणार नाहीस. वाचणाऱ्याला ते चित्र ओळखीचं होतं म्हणूनच तो एका ओळीत सांगू शकला.

पेत्रोनियस या रोमन लेखकाने सांगितलेली एफेससच्या विधवेची गोष्ट बघा. एक सैनिक क्रुसांवर पहारा देतोय, कशासाठी, तर नातेवाईकांनी रात्री प्रेत उतरवून पुरू नये म्हणून. मेल्यानंतरही पहारा! तो विधवेच्या नादात गुंतला आणि तेवढ्यात एका प्रेताच्या आईवडिलांनी ते उतरवून नेलं. सगळे त्या गोष्टीतल्या विधवेबद्दल बोलतात. मला मात्र अंधारात येऊन मुलाला उतरवणारे ते दोघे आठवतात.

आणखी दोन कारणं. एक म्हणजे सगळ्यांना खिळत नसत, पुष्कळांना दोराने बांधत, आणि दोराची खूण हाडावर राहत नाही. दुसरं, खिळे काढून घेत. लोखंड होतंच, वर त्याला औषधी मोल होतं. रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय की चौथ्या दिवशी उलटणाऱ्या तापावर क्रुसाच्या खिळ्याचा तुकडा लोकरीत गुंडाळून गळ्यात बांधत. यहुद्यांच्या मिश्ना या धर्मनियमांच्या ग्रंथातही अशा खिळ्याचा उल्लेख आहे.

संध्यामावशी

तांबडे कपडे आणि घंटा. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि उठून पाणी प्यायले.

एक शंका. आम्हाला लहानपणी शाळेत "येशूला सुळावर दिले" असं शिकवलं होतं. सूळ आणि क्रूस एकच का?

हाडवैद्य

अस्थिरोगाचा डॉक्टर आहे, म्हणून टाचेबद्दल लिहितो.

पाय मोडलेल्या पेशंटला वजन लावून ठेवायचं असेल तर कधीकधी आम्ही टाचेच्या हाडातूनच आडवी स्टीलची पिन घालतो. म्हणजे त्या फोटोतला खिळा जिथून गेलाय जवळपास तिथूनच. त्यामुळे ती जागा माझ्या हाताला माहीत आहे. बाहेरचा थर कठीण लागतो, तो फुटला की आत जाळीदार, स्पंजासारखं हाड आणि पिन एकदम पुढे सरकते. सुईने जागा बधिर केलेली असते, तरी त्या क्षणी पेशंटची मूठ कॉटच्या दांडीवर आवळते. मी दर वेळी आधी सांगतो, "आता दाब जाणवेल." इथे भूल नाही, आणि आमची गुळगुळीत पिन कुठे, तो चौकोनी ठोकीव खिळा कुठे.

मरण कशाने येत असे यावर वाद आहे. पिएर बार्बे नावाच्या फ्रेंच सर्जनने मांडलं की शरीराचा भार हातांवर आल्याने श्वास बाहेर टाकता येत नाही आणि माणूस गुदमरतो. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक झुगिबे या न्यायवैद्यक तज्ज्ञाने स्वयंसेवकांना क्रुसावर पट्ट्यांनी बांधून मोजमापं घेतली, त्यांना श्वासाचा तसा त्रास झाला नाही. त्याच्या मते रक्तस्राव, वेदना आणि शरीरातलं पाणी कमी होऊन शॉक. मला झुगिबे जास्त पटतो. आधी फटक्यांनी पाठ सोलवटलेली, मग ऊन, तहान, झोप नाही. पण सगळ्यांना एकाच कारणाने मरण येत असेल असं मला वाटत नाही. कोणाला काही तास, कोणाला काही दिवस.

चालता बोलता

क्रॅससच्या आकड्यावर अडकलो. कापुआ ते रोम आपियन रस्त्याने साधारण १९५ किलोमीटर. भागिले ६,०००, म्हणजे दर साडेबत्तीस मीटरला एक. दोन्ही कडांना आलटून पालटून असतील तर एका बाजूला ६५ मीटरवर एक.

सकाळी फिरायला गेलो तेव्हा सोसायटीच्या गेटपासून पावलं मोजली. माझी पंचेचाळीस पावलं. तेवढ्यात दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी पोचलो. तिथे उभं राहून मागचा खांब पाहिला, पुढचा पाहिला. पुण्याहून निघून जवळजवळ नाशिकपर्यंत चालायचं आणि दर पंचेचाळीस पावलांवर एक माणूस. बहुतेक पहिल्या दिवशी तरी जिवंत.

रावसाहेब_७२

सगळं वाचलं. पण एकट्या रोमनांना का झोडपायचं? ही शिक्षा त्यांनी शोधली नाही. पर्शियाच्या दारयवहूने बाबिलोन घेतल्यावर ३,००० जणांना अशीच शिक्षा दिली असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. अलेक्झांडरने टायर हे शहर जिंकल्यावर समुद्रकाठी २,००० जणांना टांगलं. कार्थेजवाले तर हरलेल्या आपल्याच सेनापतींना क्रुसावर देत. जेरुसलेमचा यहुदी राजा अलेक्झांडर यान्नाय याने आपल्याच ८०० विरोधकांना चढवलं. तो काळच तसा होता.

आणि कटू वाटेल, पण उपयोग झाला. स्पार्टाकसनंतर इटलीत गुलामांचं तेवढं मोठं बंड पुन्हा झालं नाही. लाखो गुलामांवर मूठभर मालक, राज्य चालणार कसं? जरब लागतेच.

लॅटिनवेडा

रावसाहेब, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. दुसरा नाही.

जरबेने काम झालं असतं तर स्पार्टाकस उठलाच नसता. प्लाउटुसची नाटकं त्याच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधीची. त्यातला एक गुलाम म्हणतो, मला ठाऊक आहे माझी कबर क्रूसच असणार, माझा बाप, आजा, पणजा तिथेच गेले. प्रेक्षक यावर हसत असणार, म्हणजे क्रूस तेव्हाच रोजच्या ओळखीचा होता. तरीही इ.स.पूर्व १३५ मध्ये सिसिलीत गुलामांचं बंड झालं, १०४ मध्ये दुसरं, आणि ७३ मध्ये स्पार्टाकस. तीनदा! ज्यांना क्रूस जन्मापासून दिसत होता तेच उठले. पुढे तेवढं बंड झालं नाही याची कारणं बरीच असतील. त्या ६,००० जणांच्या खात्यावर ते मांडणं मला जमणार नाही.

आणि "काळच तसा होता" म्हणाल तर त्या काळातल्या माणसालाही ही शिक्षा भयंकर वाटत होतीच. रोमन वक्ता आणि वकील किकेरो (सिसेरो) तिला सगळ्यात क्रूर आणि किळसवाणी शिक्षा म्हणतो. इ.स.पूर्व ६३ मधल्या एका खटल्यात तो म्हणाला की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या शरीरापासूनच नव्हे, तर मनापासून, डोळ्यांपासून, कानांपासून दूर असावा. नागरिकाच्या, हे लक्षात घ्या. गुलामाच्या कानांबद्दल तो बोलत नाही.

शब्दखेळ

संध्यामावशी, सूळ वेगळा. सूळ म्हणजे टोकदार खांब, तो शरीरात शिरतो. महाभारतातल्या मांडव्य ऋषींना चोर समजून सुळावर दिलं, ते मेले नाहीत, पण सुळाचं टोक म्हणजे अणी शरीरात राहिली आणि ते अणिमांडव्य झाले. मृच्छकटिकातल्या चारुदत्ताला गळ्यात माळ घालून, दवंडी पिटत चांडाळ नेतात तेही सुळाकडेच.

"क्रूस" आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, गोव्यात कोंकणीत खुरीस म्हणतात. मराठी बायबलात "वधस्तंभ" आहे. तुमच्या पाठ्यपुस्तकवाल्याने ओळखीचा शब्द घेतला असणार. त्याची फार मोठी चूक म्हणवत नाही, कारण रोमन तत्त्वज्ञ सेनेका लिहितो की त्याने पाहिलेले क्रूस एकाच तऱ्हेचे नव्हते. कोणाला डोकं खाली करून टांगलेलं, कोणाच्या शरीरात खांब घुसवलेला, कोणाचे हात आडव्या लाकडावर पसरलेले. म्हणजे सूळही त्यातच आला.

वसईकर

आमच्याकडे हा शब्द घरचा आहे, म्हणून लिहितो. गावात नाक्यानाक्यावर क्रूस आहेत. मे महिन्यात त्यांच्यापुढे प्रार्थना होते, फुलं वाहतात. लेंटच्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट करतो, चौदा ठिकाणं. पाचव्या ठिकाणी कुरेनेकर शिमोन येतो, शेतावरून येणारा माणूस, सैनिक त्याला धरून क्रूस वाहायला लावतात. लहानपणी आजी म्हणायची, "बघ, तोही गावाच्या नावाला 'कर' लावणारा, आपल्यातलाच." मला बरीच वर्षं तो खरंच आमच्या बाजूचा वाटत होता.

लॅटिनवेडा, तुमचे ते ४ सेस्टर्स वाचून थबकलो. ४ सेस्टर्स म्हणजे एक दिनार ना? येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात धनी सकाळी नाक्यावरून मजूर घेऊन येतो आणि दिवसाची मजुरी ठरवतो, एक दिनार. द्राक्षं खुडायचा रोज आणि माणूस खिळायचा रोज सारखाच. हा दाखला मी शेकडो वेळा ऐकलाय, पण हे दोन रोज कधी शेजारी ठेवले नव्हते.

अजून एक. आम्ही ज्या खुणेपुढे मेणबत्ती लावतो ती पहिल्या काही शतकांत ख्रिस्ती लोक क्वचितच काढत. क्रुसावरच्या येशूच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक आहे ते टिंगलीचं. रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर १८५७ साली भिंतीवर खरवडलेलं सापडलं. क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात वर केलेला एक जण, आणि ग्रीकमध्ये मजकूर की अलेक्सामेनॉस देवाची पूजा करतोय. अलेक्सामेनॉस कोण होता कोणास ठाऊक, पण त्याला सोबतचे कसे छळत असतील ते दिसतं. क्रूस रस्त्यावर खरोखर उभे होते तोवर त्याला पुजणं ही लाजेची गोष्ट होती.

संध्यामावशी

शब्दखेळ, आभार. वसईकर, तुमच्या आजीचं वाक्य मी लिहून ठेवलंय.

रावसाहेब_७२

लॅटिनवेडा, सिसिलीच्या बंडांचा मुद्दा मान्य करतो, मी ती हिशेबात धरली नव्हती. पण नागरिकांना यातून सूट होती हे तरी रोमनांच्या कायद्याच्या खात्यावर जमा करा.

लॅटिनवेडा

सूट होती, पण कागदावर. सिसिलीचा सुभेदार वेर्रेस याने मेस्सानात गाविउस नावाच्या माणसाला भर चौकात फटके मारवले. फटक्यांच्या मधे तो एकच वाक्य ओरडत होता, "मी रोमन नागरिक आहे." वेर्रेसने त्याचा क्रूस मुद्दाम सामुद्रधुनीकडे तोंड करून उभारायला लावला, म्हणजे मरताना त्याला समोर इटलीचा किनारा दिसेल. पाण्याची एक चिंचोळी पट्टी, तिच्या पलीकडे त्याचा कायदा! किकेरोने इ.स.पूर्व ७० मध्ये वेर्रेसवर खटला चालवला, वेर्रेस निकालाआधीच मासिलियाला (आजच्या मार्सेयला) पळाला.

गोदाकाठ ताईंचा दुसरा प्रश्न होता की सावकाश मरण का. माझं उत्तर हेच. नुसतं मारायचं असतं तर तलवार होती, आणि नागरिकाला ती मिळायचीही. क्रूस होता तो माणूस कोणीच नव्हता हे सगळ्यांना दाखवायला. नागडा, रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेसमोर, आणि नंतर कबरही नाही. म्हणूनच हाडं नाहीत. ताई, तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात.

वाचनमात्र

कोणी जिवंत उतरलं का कधी?

लॅटिनवेडा

हो. योसेफस तकोवा नावाच्या गावाहून परतताना त्याला क्रुसांवर तीन ओळखीचे चेहरे दिसले. तो रडत टायटसकडे गेला. टायटसने लगेच तिघांना उतरवायला सांगितलं, औषधोपचार केले. दोघे वैद्यांच्या हाताखालीच गेले, एक जगला. त्याचं नाव योसेफसने दिलेलं नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले चार दिवस ऑफिसातून आल्यावर हाच धागा उघडते.

शनिवारी फेनस्टँटनला जाऊन आले. नुसतं गाव, पावसाळी हवा, मुलं सायकली फिरवत होती. या माणसाला नाव नाही, सांगाडा क्रमांक ४९२६ एवढंच. पण आकड्याने ओढून नेलेला तो नव्हता. त्याला गावातल्या इतरांबरोबर, त्याच दफनस्थळात नीट पुरलं होतं. आजूबाजूला आणखी बारा खिळे मिळाले. कोणीतरी त्याला मागून आणलं, आपल्या माणसांत ठेवलं.

जेरुसलेमच्या माणसाला मात्र नाव आहे. १९६८ साली गिवत हा-मिवतारला पुरातत्त्वज्ञ त्साफेरिस यांनी उघडलेल्या कबरीतल्या दगडी अस्थिपेटीवर ते कोरलंय, येहोहानान. वय २४ ते २८. खिळा साडेअकरा सेंटिमीटर. आधी वाटलं होतं की एकच खिळा दोन्ही टाचांतून गेला, पण १९८५ मध्ये झियास आणि सेकेलेस या संशोधकांनी पुन्हा तपासलं आणि तो एकाच टाचेत असल्याचं दाखवलं, म्हणजे पाय खांबाच्या दोन बाजूंना वेगवेगळे खिळले असणार. खिळ्याचं टोक वाकलंय, बहुधा लाकडातल्या गाठीवर आपटून. सरळ राहिला असता तर निघून आला असता आणि आपल्याला काहीच कळलं नसतं.

डॉक्टर, एक विचारायचंय. असा वाकलेला खिळा हाडातून काढता येतो का?

वसईकर

ताई, तिथे गेलात हे फार बरं केलंत.

हाडवैद्य

आमची पिन सरळ आणि गुळगुळीत असते, वॉर्डातच काढतो. हाताने फिरवत ओढली की येते, तरी पेशंट दात आवळतो. टोक वाकलेलं असेल तर ते आधी कापावं लागतं. न कापता मागे ओढलं तर तो आकडा आतलं जाळीदार हाड फोडत येतो.

तुम्ही लिहिल्यावर येहोहानानच्या हाडाचे फोटो पुन्हा मोठे करून पाहिले. खिळ्याच्या डोक्याखाली लाकडाचा तुकडा अजून आहे. भोकाभोवतीचं हाड फुटलेलं नाही. ज्यांनी त्याला उतरवला त्यांनी खिळा ओढून काढला नाही, लाकडासकट पाय सोडवला आणि तसाच घरी नेला.